सगळ्यात मोठा शब्द

पडद्यावर स्कॅन करायचा चौकोन झळकला आणि सगळ्यांच्या आधी रविराज सरांनीच त्यावर आपला मोबाईल धरला. "चालतंय का बघतो," असं म्हणून त्यांनी पटकन काहीतरी टाईप केलं, मोबाईल खिशात टाकला आणि पालकांकडे तोंड केलं. "अंजली मॅडम, आता मुलांना टॅब वाटा. बघू द्या सगळ्यांना, आपली प्रज्ञावंत बॅच कसा विचार करते!"

अंजलीने बावीस टॅब वाटले. गंगापूर रोडवरच्या या क्लासमध्ये ती गणित शिकवायची आणि सर क्लासचे मालक होते. प्रज्ञावंत म्हणजे चाळणी परीक्षेतून निवडलेले आठवीचे बावीस जण. सकाळी साडेसहाच्या तासाला त्यातले निम्मे डोळे उघडे ठेवून झोपायचे, आणि तेही काही येरागबाळ्याचं काम नव्हे. आता सरांना हीच बॅच पहाटे पाचला भरवायची होती. रविवारची ही पालकसभा त्यावर शिक्का मारायलाच बोलावली होती. "मुलं आजारी पडतील हो सर," असं अंजली दोनदा म्हणाली होती. "पालकांचीच मागणी आहे, मॅडम," असं सर दोन्ही वेळा म्हणाले होते.

पडद्यावरची ही वेबसाइट मात्र तिची लाडकी होती. प्रश्न पडद्यावर टाकायचा, प्रत्येकाने एका शब्दात उत्तर द्यायचं. नाव कुणाचंच दिसत नाही. जो शब्द जास्त जणांनी लिहिला तो मोठा दिसतो, एकट्यादुकट्याचा शब्द मुंगीएवढा. मुलं वहीत जे कधी लिहीत नसत ते इथे बिनधास्त लिहायची. म्हणूनच सरांनी आज धोका पत्करला नव्हता. प्रश्न होता, 'यशासाठी आणखी काय हवं?' आणि उत्तर त्यांनी शुक्रवारीच पोरांकडून तीन वेळा घोकून घेतलं होतं : जिद्द.

मुलं माना खाली घालून टाईप करायला लागली. ते बघून अंजलीचं डोकंच फिरलं. एवढी हुशार पोरं, आणि त्यांच्याकडून ही पोपटपंची! तिने स्वतःचा फोन काढला, चौकोन स्कॅन केला आणि लिहिलं : झोप. बावीस जिद्दींच्या कोपऱ्यात एक मुंगी, कुणाच्या डोळ्यांत भरणार होती? मग तिने उत्तरं उघडायचं बटण दाबलं.

पडदाभर 'झोप' पसरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'जिद्द' तिच्या पायाशी अंग चोरून बसली होती.

"कुणी लिहिलं हे?" सर कडाडले.

वेदिकाचे पप्पा ताडकन उठले. "वेदिका, तू? एवढं करतो आम्ही तुमच्यासाठी, आणि तुम्हाला झोपा काढायच्यात?" वेदिकाने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले. मग बाकीच्यांनाही चेव चढला. जो तो आपापल्या प्रज्ञावंताला दटावायला लागला. सरांना आयतीच संधी मिळाली. "उद्यापासूनच पाचची बॅच," ते म्हणाले. "शिक्षा समजा हवं तर."

आपल्या एका मुंगीपायी पोरांवर ही वेळ आली असं अंजलीला वाटलं. नोकरी गेली तर गेली, खड्ड्यात गेली. ती पुढे झाली. "सर, पोरांना बोलू नका. झोप मी लिहिली."

"एकटीने? एवढी मोठी?" सर म्हणाले. "मॅडम, पाठीशी घालू नका त्यांना. यादी उघडा."

यादीतही नावं नसायची. उत्तर किती वाजता आलं आणि क्लासच्या टॅबवरून आलं की बाहेरच्या फोनवरून, एवढंच दिसायचं. अंजली मोठ्याने वाचायला लागली. "क्लासचे टॅब, बावीस. जिद्द, बावीस." ती अडखळली. "बाहेरचे फोन, एकतीस. झोप... एकतीस."

पालकांना कुणीच स्कॅन करायला सांगितलं नव्हतं. पण भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत तो चौकोन दिसला की हात आपोआप खिशात जातो, तसा तो इथेही गेला होता. त्यात नाव दिसत नाही म्हटल्यावर मन मोकळं व्हायला कितीसा वेळ लागतो? वेदिकाचे पप्पा हळूच खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"पण पाचची मागणी तुमचीच ना?" सरांनी विचारलं.

पिंपळगाव बसवंतहून आलेले ओमचे वडील, जयरामभाऊ, उभे राहिले. "आमची नाय सर. आम्हाला वाटलं, बाकीच्यांची हाय. आमचा ओम येताना गाडीत लय मस्त झोपतो. पण सर, गाडी मीच चालवतो ना?"

आधी मुलं हसली, मग आया, मग सगळेच. वेदिका तर डोळे पुसत हसत होती. अंजलीला हायसं वाटलं, आणि सरांचं आता काय होणार म्हणून थोडी धाकधूकही. पण सरांनी अजिबात ताणून धरलं नाही. "ठीक आहे, साडेसहाच राहू द्या," म्हणाले आणि सगळ्यांना खाली चहाला घेऊन गेले.

अंजली लॅपटॉप बंद करायला गेली आणि यादीच्या पहिल्याच ओळीवर तिची नजर खिळली. पहिली 'झोप' दहा वाजून दोन मिनिटांनी आली होती. तेव्हा टॅबही वाटून व्हायचे होते, आणि अख्ख्या हॉलमध्ये एकच मोबाईल खिशाबाहेर निघाला होता.