मीटर विझतो तेव्हा

तिसऱ्यांदा डॅशबोर्ड उघडताना इलेक्ट्रिशियनने स्क्रू डबीत टाकायचंही सोडून दिलं. ते त्याच्या शर्टाच्या खिशातच पडत होते.

शाळेच्या मुलांची ही व्हॅन त्याच्या दाजींची. तक्रार एकच होती. चालता चालता समोरचा डिजिटल मीटर विझायचा, दोन-तीन सेकंदांनी परत यायचा. इंजिन मात्र सुरूच.

"तू चालवायला बसलास की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते," दाजी म्हणाले. "माहेरच्या माणसांसमोर तुझी बहीण वागते तशी."

गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या ताईने ते ऐकलं आणि चहा फक्त भावापुढे ठेवला.

अर्थिंगची गंजलेली तार त्याने बदलली होती. फ्यूज बॉक्सची पिन न् पिन घासली होती. वायरिंगचा जुडगा वीतभर वीतभर हलवून पाहिला होता. मीटर ढिम्म पेटलेला. कधी येणारा, कधी जाणारा बिघाड म्हणजे लपंडावातला भिडू, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. घरच्या गाडीपुढे ते वाक्य सुचेना.

दाजींनी चार दिवस फेरी बंद ठेवली होती. जिचा भरवसा नाही अशा गाडीत अकरा लेकरं बसवणार नाही, हे त्यांनी शाळेला स्वतःहून कळवलं होतं. शाळा सोमवारपर्यंत थांबणार होती. नंतर बावीस वर्षांची ती फेरी दुसऱ्या व्हॅनला जाणार होती. आज शनिवार. ताई त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती, म्हणजे फारच काळजीत होती.

इलेक्ट्रिशियनने मीटरशेजारी एक लहान दिवा टेपने चिकटवला आणि त्याची तार डॅशबोर्डच्या आत सोडली. मीटरबरोबर दिवाही गेला तर बिघाड फ्यूजच्या अलीकडे, दिवा राहिला तर मीटरमध्येच, असं त्याने दाजींना समजावलं. त्यांनी नेहमीसारखं समोर बघत चालवायचं आणि काही गेलं की तेवढं सांगायचं.

गोदामामागचं मैदान रिकामं होतं. इलेक्ट्रिशियन मेव्हणा शेजारी बसला, एक हात हँडब्रेकवर ठेवून. मला शिकाऊ समजतोस काय, असं दाजींनी विचारून पाहिलं. त्याने हात काढला नाही.

पहिल्याच वळणाला दाजी म्हणाले, "गेला."

"काय गेलं?"

"दोन्ही. मीटरही, दिवाही." दोन सेकंद गेले. "आले."

दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत खड्डा नव्हता, वळण नव्हतं, तरी दोन्ही गेले. दाजींचा चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलासारखा खुलला.

"सापडला ना रे?"

"सापडला," मेव्हणा म्हणाला. त्याने गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. सोमवारी मुलांना मी नेईन, असंही तो सांगून मोकळा झाला.

दाजींना हसू आलं. गाड्या खोलणारा आणि गाड्या चालवणारा यांत फरक असतो, पुढच्या बाकावरून भांडणारे दोघे भाऊ तुला दुपारपर्यंत रडवतील, असं त्यांनी बजावलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "फ्यूजच्या अलीकडे ना? मी म्हणतच होतो, वायरिंगच आहे. तुझ्या ताईला फोन लाव आधी."

मेव्हण्याने फोन काढला, पण लावला नाही.

"काय रे, गाडी बंद केलीस ना?" दाजींनी विचारलं. "मग हा दिवा अजून कसा पेटलाय?"

त्या दिव्याची तार मेव्हण्याने गाडीला जोडलीच नव्हती. ती सीटखालच्या सुट्या बॅटरीवर होती, आणि तिन्ही फेऱ्यांत ना दिवा एकदाही विझला होता, ना मीटर. दोन-दोन सेकंद विझत होती ती दाजींची नजर.