काढीव मुहूर्त

फ्रिजवर पुष्करने कागद चिकटवला होता: मेमध्ये परीक्षा, जून-जुलैत अमेरिकेतल्या हॉस्पिटलात अनुभव, सप्टेंबरात तिथल्या रेसिडेन्सीचा, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाचा, अर्ज. ताईच्या लग्नाचा मुहूर्त नेमका परीक्षेच्याच दिवशी निघाला. परीक्षा पुढे ढकलली की सगळंच वर्षभर लांबत होतं.

“तू परीक्षा दे,” ताई म्हणाली. “गुरुजींनी ऑगस्टचा काढीव मुहूर्त दिलाय. माझ्या नवऱ्याचा कान पिळायला भाऊ नको का?”

ऑगस्टमध्ये पुष्कर परतला, तो तिथल्या डॉक्टरांचं शिफारसपत्र घेऊनच. मांडवात तो कानपिळीला पुढे झाला, तेव्हा ताई कुजबुजली, “तारीख यांनी बदलून घेतली. घरच्यांची समजूत काढण्यात महिना घालवला.”

नवरदेवाने रिवाजाप्रमाणे कानपिळीचा आहेर पुढे केला. पुष्करने त्यांचा कान हलकेच धरला.

“तुमचा आहेर मला मेमध्येच पोचला, दाजी.”