तिसरं मंडळ

"सित कुबरा, आता तुमचंच मत राहिलं," मुदीरा म्हणाल्या.

कुबराने समोरचा अर्ज पुन्हा उचलला. त्यात वाचायचं काही उरलं नव्हतं, पण तेवढंच उत्तर लांबवता येत होतं. वर तारीख होती ४ मे १९६९ आणि खाली अकरा सह्या. कुवेतमधल्या त्या मुलींच्या कॉलेजात ती वसतिगृहाची अधीक्षिका होती; शिक्षक तिला सित, म्हणजे बाई, म्हणत. मुलींचा कुठलाही प्रश्न निघाला की मुदीरा, म्हणजे प्राचार्याबाई, तिला या खोलीत बोलावून घेत.

कॉलेजात मुलींची दोन मंडळं होती. त्यांतल्या मुली एकमेकींना बहीण म्हणत, सहलीला एकत्र जात, जुन्या परीक्षांचे पेपर एकमेकींना देत. आत यायचं तर दोन जुन्या सभासदांनी नाव सुचवावं लागे. या अकरा जणींची नावं दोन वर्षांत कुणी सुचवली नव्हती. कुणाचे वडील बंदरावर कारकून, कुणाचे ड्रायव्हर, कुणाची आई दवाखान्यात नर्स. आता त्यांना स्वतःचं तिसरं मंडळ हवं होतं.

"देऊन टाकावं," मुदीरा म्हणाल्या. "एक खोली, फलकावर थोडी जागा. रोजच्या तक्रारी तरी थांबतील."

"नको," इतिहास शिकवणारे उस्ताद यूसुफ म्हणाले. सकाळपासून ते हेच म्हणत होते. "नाकारलेल्यांना वेगळी खोली दिली की नाकारणारे मोकळे सुटतात. बदलायचा तर जुन्या मंडळांचा नियम बदला."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

हे ते गेल्या वर्षीही म्हणाले होते, आणि तेव्हाही मनापासूनच म्हणाले होते.

"मला दहा मिनिटं द्या," असं म्हणून कुबरा उठली.

बाहेर व्हरांड्यात वाळूचा बारीक थर साचला होता. बाकावर झुलेखा बसली होती. अर्जावरची पहिली सही तिची. तिचे वडील हुसेन म्हसळ्याचे, कुबरा हर्णैची, म्हणजे दोघीही कोकणातल्या. त्यामुळे चार लोकांत मॅडम म्हणणारी झुलेखा एकटी असली की तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"आत काय चाललंय, खाला?"

"एक हो, एक नाही." कुबरा तिच्या शेजारी टेकली. दुपारपर्यंत पाय सुजत, आज सकाळीच सुजले होते. "तुमची नियमावली आणलीस?"

झुलेखाने दोन टाइप केलेले कागद दिले. स्वच्छ काम होतं, एकही खाडाखोड नव्हती. कुबरा वाचत चौथ्या नियमावर आली आणि थांबली. नव्या सभासदाचं नाव दोन जुन्या सभासदांनी सुचवलेलं असावं.

"हा कुणी घातला गो?"

"सगळ्यांनी मिळून. त्यांच्याकडे पण आहे ना."

"आणि जिचं नाव कुणीच सुचवणार नाही, ती?"

झुलेखाने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिच्या मनात खरोखरच आला नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, "पण मग कुणीही येईल, खाला."

कुबराने चष्मा काढला. रागवावं एवढीही ताकद तिच्यात नव्हती.

"उस्ताद म्हणतात, अजून एक वर्ष थांबा," ती म्हणाली.

"मी जूनमध्ये पास होऊन जाणार. मला यातून काही मिळणार नाही. पण असमा थांबली होती ना."

अर्जाच्या आधी त्या बारा जणी होत्या. बारावी असमा. दीड वर्ष ती जिन्याखाली बसून एकटी डबा खायची. कुबराला एकदा ती तिथे दिसली होती. "आत खूप गर्दी आहे," असमा म्हणाली होती, आणि कुबराने ते मानून घेतलं होतं. जानेवारीत तिने कॉलेज सोडलं.

"ऐक," कुबरा म्हणाली. "मी हो म्हटलं, तर तुमच्यासारखी एखादी त्यांच्या दाराशी गेली की त्या सांगतील, तुमचं तिकडं आहे."

"आत्ता पण तेच सांगतात." झुलेखाचा आवाज चढला नाही. "फक्त तिकडं काही नाहीये."

कुबरा गुडघ्यावर हात टेकून उठली. "हा चौथा नियम खोडाल?"

"सगळ्यांना विचारावं लागेल."

"विचार."

"त्या नाही म्हणतील, खाला."

कुबराने मान हलवली आणि कागद घेऊन आत गेली.

"हो," खुर्चीत बसण्याआधीच ती म्हणाली. मग तिने नियमावली टेबलावर ठेवली आणि चौथ्या नियमावर बोट टेकवलं. मुदीरांनी वाचलं, कागद उस्तादांकडे सरकवला. उस्तादांनी दोनदा वाचला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"हे वाचूनसुद्धा हो?"

"हो."

मग मुदीरांनी नोंदवही जवळ ओढली, आजची तारीख घातली, मंजूर असं लिहिलं. त्यापुढे कारणाचा रकाना होता. त्यांनी मान वर केली.

"इथं काय लिहू?"

"लिहा," कुबरा म्हणाली, "या मुली इतरांसारख्याच आहेत."