वजाबाकी

बाळंतपणात सुटलेलं पोट यंत्रानं आवळून घ्यायचं, तर दवाखान्यात दहा खेपा घालाव्या लागणार होत्या. तेवढा वेळ बाळाला कुणाकडे ठेवणार? म्हणून मी वजन उतरवायचं इंजेक्शन निवडलं. आठवड्यातून एकदा, घरच्या घरी. "अंगावर पाजता का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हणून मोकळी झाले.

भूक मेलीच माझी. तिसऱ्या आठवड्यात काट्यावर उभी राहिले, पहिल्या दिवशीसारखीच बाळाला कडेवर घेऊन. हल्ली तर ते खाली ठेवूच देत नव्हतं, सारखं छातीशी लुचत असायचं. दोघांचं मिळून सहाशे ग्रॅम कमी भरलं.

"बघा, उतरायला लागले," मी जाऊबाईंना म्हणाले.

"उतर बाई एकदाची. आरशाचा तरी जीव सुटेल."

दुपारी बाळाला लस टोचायला नेलं. नर्सबाईंनी त्याला एकट्याला काट्यावर निजवलं, कार्डावरचा तीन आठवड्यांपूर्वीचा आकडा पाहिला, उचलून पुन्हा निजवलं.

"ताई, सहाशे ग्रॅम उतरलंय हे. दूध पुरतंय ना याला?"