होल्याची हाक

बेटावरचा शेवटचा होला पक्षी मरून दोन वर्षं झाली होती. तरी अभयारण्याच्या हाका नोंदवणाऱ्या यंत्राला रोज सकाळी त्याची हाक ऐकू यायची, कारण पहारेकरीण हर्षाली स्वतः होल्यासारखी घुमायची. रेकॉर्ड केलेली हाक यंत्राला चालत नसे. हाक थांबली तर संरक्षण उठणार, आणि बेटावरचे खेकडे, सरडे होऊ घातलेल्या बंदराच्या भरावाखाली जाणार.

आज तिचा घसा बसला होता. यंत्राचा दिवा लाल झाला.

"आता काय गो?" सासू म्हणाली.

तेवढ्यात हर्षालीच्या कडेवरची एक वर्षाची लेक सानवी घुमली, हुबेहूब. दिवा हिरवा झाला.

"तुझ्यापेक्षा बरी घुमते," सासू हसली.

हर्षालीला हसू आलं नाही. चार महिने ती लेकीला 'आई' म्हणायला शिकवत होती. लेकीचा पहिला शब्द मेलेल्या पाखराचा निघाला.