पैसे कुणाला देता?

सोनगीरच्या स्टँडवर बेबाबाईने हाक मारली आणि सुकदेव आबांनी हातातली पिशवी पोटाशी धरली.

"आबा, कोठे चालनात?"

"देवपूरले. डोयाना डॉक्टरकडे. बराबर दिखत नही."

पिशवीत वर मेथीची जुडी होती. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा.

बेबाबाई जवळ सरकली. "पतसंस्थामा मन्ही ठेव शे ना, तिनी मुदत सरनी. मन्ही पोर रूपाना लगीनना पैसा शेतस. काढी लेऊ का राहू देऊ? तुम्ही सांगशात तसं."

आबांनी बसकडे पाहिलं. "दुपारले बोलूत," म्हणत ते बसमध्ये चढले.

मागच्या बाकावर रुमाल कानावरून घेऊन ते बसले. गावच्या पतसंस्थेचं काही खरं राहिलं नव्हतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. पलीकडच्या गावातली बुडाली तेव्हा बंद शटरवर डोकं आपटणारा म्हातारा त्यांनी पाहिला होता. तो पत्र्याचा आवाज अजून झोपेत यायचा. आज एकाला कळलं असतं, तर उद्या सगळं गाव धावलं असतं. मग कुणाच्याच हाती काही लागलं नसतं.

देवपूरच्या बँकेत दीपमाला नावाची तरुण अधिकारी होती. आबा दार दिसेल असे बसले.

"आमचा पैसा तुम्ही पुढे कुणाला देता?"

"बचत गटांना. दूधवाल्यांना. ठिबकसाठी शेतकऱ्यांना."

"वाळूच्या डंपरला?"

"नाही."

"संचालकाच्या भाच्याला?"

ती हसली. "आबा, खातं उघडायला आलात की आमची तपासणी करायला? संचालकांच्या नातेवाइकांना इथे कर्ज मिळत नाही."

"घरी येऊन रडला तरी?"

"तरी नाही."

आबांनी मेथी बाजूला सारून नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं. पैसा ठेवावा तर अशा ठिकाणी.

"व्यवसाय काय लिहू?"

"शेती."

"आजवर कुठे ठेवत होतात?"

"गावच्या पतसंस्थेत."

"माणसं कशी आहेत तिथली?"

"गाव तर चांगलीच म्हणतं."

दार करकरलं. आबांनी हातातली पावती झटकन खिशात घातली. आलेला माणूस अनोळखी होता.

परतताना पिशवीत नुसती मेथी उरली होती. सोनगीरला उतरून ते पतसंस्थेपाशी आले, तर बेबाबाई पायरीवर बसलेली.

"डोया कशा शेतस, आबा?"

"ठीक शेतस."

तिच्या चपलेचा तुटका पट्टा पिनेने जोडलेला होता. आबांची नजर तिथेच अडकली. सांगून टाकावं, असं अगदी ओठांपर्यंत आलं. मग ते चपला काढून आत गेले. ती मागोमाग आली.

"मंग? काढी लेऊ का राहू देऊ?"

कारकून उठून उभा राहिला, त्याने पंखा लावला.

"राहू दे, बेबाबाई," चेअरमनच्या खुर्चीत बसत सुकदेव आबा म्हणाले, "मी शे ना."