साखरपाण्यातला खडू

टेंभुर्णीजवळच्या खेड्यातल्या शाळेत फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम सत्यशीलाबाईंचं आणि न रुचलेली ओळ पुसायचं काम हेडमास्तरांचं. सहा डिसेंबर पुसला, चौदा ऑक्टोबर पुसला. तीन वर्षं बाईंनी राग गिळला. आज त्यांनी साखरपाण्यात भिजवलेल्या खडूनं लिहिलं: ‘२० मार्च. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले.’ प्रार्थनेला रांगा लागेस्तोवर अक्षरं वाळून घट्ट झाली. हेडमास्तरांनी डस्टर घासघासून घासलं, वेलांटीसुद्धा निघेना. “हे गाव भडकवायचे धंदे न्हाई चालायचे, बाई! जल्दी पाणी आणा न् पुसा!” पाणी ऑफिसातल्या माठात, आणि त्याला बाईंनी शिवायचं नाही असं हेडमास्तरांनीच पहिल्या दिवशी बजावलेलं. बाईंनी त्यात तांब्या बुडवला, बाहेर येऊन पोरांदेखत अर्धा रिचवला आणि उरलेला पुढं धरला: “घ्या गुरुजी. आता तुम्ही पुसा.”